आरक्षण सुटलं! आता सरपंचबाईंच्या पाठीशी कोण?

सोडतीची चिठ्ठी निघते, कुणीतरी मोबाईलवरून गावात कळवतं, ‘सरपंचपद महिलेला सुटलं!’ आणि पारावरच्या गप्पांचा विषय तिथल्या तिथे बदलतो. कुणाच्या घरातली बाई उभी करायची, याचा खल रात्री उशिरापर्यंत चालतो. निवडून आल्यावर तिच्या शेजारी बसून तिला कारभार कोण शिकवणार, यावर मात्र सहसा कुणी बोलत नाही.

हिंगोली जिल्हा वयाने लहान. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके, साडेपाचशेहून जास्त ग्रामपंचायती, आणि त्यातली निम्मी सरपंचपदं महिलांसाठी राखीव. म्हणजे एका वेळी पावणेतीनशेच्या आसपास गावांच्या कारभारावर बाईची सही! खुर्ची कायद्याने मिळते. पण कागद कसा वाचायचा, कुठे सही करायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे कुणीतरी जवळ बसून सांगावं लागतं. अशा सांगणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या या चटकदार गोष्टी. हिंगोलीतल्या आहेत, महाराष्ट्रातल्या आहेत आणि थेट आफ्रिकेतल्याही आहेत.

कच्चं मडकं कुणी ओळखलं?

गुरू-शिष्याच्या गोष्टीत हिंगोलीचा हात कुणी धरू नये. नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, आणि त्यांना गुरू भेटले ते औंढा नागनाथला. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले विसोबा खेचर आणि ‘देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव’ हे त्यांचं सांगणं, ही कथा इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते.

त्याआधीचा भाग थोडा मागे पडतो. संतांच्या मेळ्यात वयाने सगळ्यांत लहान होती मुक्ताबाई. तिनेच गोरोबाकाकांना सांगितलं, थापटणं घ्या आणि यातलं कुठलं मडकं कच्चं ते बघा. डोक्यावर थापटणं बसताच नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. रुसून पंढरपूरला गेले, तिथून त्यांची पाठवणी औंढ्याला झाली. आता पुढची गंमत. परंपरा सांगते की हेच विसोबा आधी ज्ञानेश्वर भावंडांचे वैरी होते. मुक्ताबाईला मांडे भाजायला गावात खापर मिळू नये म्हणून त्यांनी धडपड केली. ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले गेलेले पाहिले, तेव्हा ते शरण आले. शिष्याला गुरूची गरज आहे हे ओळखलं मुक्ताबाईने, आणि गुरू बदलला तोही तिच्याच मांड्यांच्या निमित्ताने! नामदेव पुढे पंजाबपर्यंत पोचले, गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्या वाटेच्या सुरुवातीला एक लहान मुलगी उभी आहे, हे औंढ्याला दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक मायलेकीला सांगायला हवं.

सासऱ्यांनी सोपवलेला तोफखाना

औंढ्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, असं इथे सांगतात. अहिल्याबाईंचे घाट, बारवा आणि धर्मशाळा सगळ्यांना माहीत असतात. त्यांचं शिक्षण कसं झालं, ते तितकंच रंगतदार आहे.

खंडेराव होळकर १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हारराव यांनी त्यानंतर सुनेला राज्यकारभाराच्या कामात घातलं. लाक्षणिक अर्थाने नव्हे, अगदी खरोखर. १७६५ मधलं त्यांचं एक पत्र आहे. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करा, मोठा तोफखाना सोबत ठेवा आणि दारूगोळ्याची जितकी होईल तितकी तजवीज करून ठेवा, असा त्यातला मजकूर! सून विधवा आहे, तिने घरात बसावं, असं म्हणणाऱ्या काळात सासरा तिच्यावर दारूगोळ्याचा हिशेब सोपवतो आहे.

यात सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते वर्ष. मल्हारराव १७६६ मध्ये गेले. १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला आणि राज्याची सगळी जबाबदारी अहिल्याबाईंवर आली. तोवर त्यांनी रसद पाहिली होती, पत्रव्यवहार सांभाळला होता, माणसं ओळखली होती. चुकलं तर सांभाळून घ्यायला कुणी आहे, अशा काळात त्यांनी हे शिकून घेतलं. पुढची २८ वर्षं, १७९५ पर्यंत, त्यांनी राज्य चालवलं. आपल्या सरपंचबाईंच्या वाट्याला मिळतात एकूण पाच वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष कागद कशाचा आहे हे कळण्यातच गेलं, तर गावाचं किती नुकसान!

गोरेगावची ग्रामपंचायत आणि राजुरीच्या काकू

मुंबईतल्या गोरेगावला कधीकाळी ग्रामपंचायत होती, हे माहीत आहे? १९५० च्या दशकात मृणाल गोरे तिथे निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई’ म्हणून अवघ्या महाराष्ट्राला माहीत झालेल्या, पुढे विधानसभा आणि लोकसभा गाजवलेल्या मृणालताईंची सुरुवात ग्रामपंचायतीतली.

आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण बीडचं. राजुरी गावच्या सरपंच असलेल्या केशरबाई क्षीरसागर, म्हणजे केशरकाकू, १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीन वेळा बीडमधून लोकसभेवर गेल्या. सरपंचपद ही राजकारणातली खालची पायरी समजणाऱ्यांनी या दोघींकडे पाहावं.

आरक्षणाच्याही आधी

जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. तेव्हा बाई निवडून आली नाही, तर एखाददुसरीला स्वीकृत सदस्य म्हणून घ्यायचं, एवढीच सोय होती. आणि पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, बारामती तालुक्यातल्या निंबूतने अख्खी ग्रामपंचायत बायकांच्या हाती दिली! आरक्षण तर सोडाच, त्याची चर्चाही तेव्हा नव्हती.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. गावोगावच्या शेतकरी बायका भाकरी बांधून तिथे पोचल्या, आणि पंचायत राजच्या निवडणुका आपण लढवायच्या असं ठरलं. त्याचं फळ १९८९ मध्ये दिसलं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये बायकांचं संपूर्ण पॅनेल निवडून आलं. हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यातही तेच घडलं. याच चळवळीने लक्ष्मीमुक्ती आणली. गावातल्या शंभर घरांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. सातबाऱ्यावर नाव असलेली बाई ग्रामसभेत बोलायला उभी राहते तेव्हा तिचा आवाज वेगळाच लागतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगावं लागत नाही.

मग कायदा आला. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केलं, असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. २०११ मध्ये राज्याने स्थानिक स्वराज्य संस्थांतलं आरक्षण थेट ५० टक्क्यांवर नेलं.

हिंगोलीच्या ताई

हिंगोली लोकसभा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. हिंगोलीचे तीन विधानसभा मतदारसंघ, नांदेडचे किनवट आणि हदगाव, यवतमाळचा उमरखेड. या मतदारसंघाने १९९८ आणि २००४ अशा दोन वेळा सूर्यकांता पाटील यांना दिल्लीला पाठवलं. २००४ नंतर त्या केंद्रात राज्यमंत्री झाल्या आणि त्यांच्याकडे खातं आलं ग्रामविकासाचं. गावाकडच्या बाईकडे गावांचं खातं! त्याआधी विधानसभा, राज्यसभा आणि नांदेडची खासदारकी असा मोठा पल्ला त्यांनी गाठलेला होता.

कळमनुरीच्या रजनीताई सातव १९८० च्या दशकात आमदार होत्या, पुढे राज्यात मंत्री झाल्या. त्यांची सून डॉ. प्रज्ञा सातव २०२१ मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध निवडून गेल्या. सासूकडून सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंच्या गोष्टीची आठवण व्हावी असंच.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. राजकारणी घरातल्या बाईला शिकवणारं माणूस घरातच मिळतं. सकाळच्या चहालाच तिला तालुक्याचं राजकारण कळतं. ऊसतोडीला जाणाऱ्या, दुसऱ्याच्या रानात हळद काढणाऱ्या घरातली बाई राखीव जागेवर सरपंच होते, तेव्हा तिच्या घरात बीडीओ (गटविकास अधिकारी) म्हणजे कोण हे सांगणारंही कुणी नसतं. तिला बाहेरून आधार लागतो, आणि तो देणं हे उपकाराचं काम नाही, गावाच्या फायद्याचं आहे.

वरच्या पायऱ्यांवरचं चित्र अजून विरळ आहे. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या तिन्ही जागांवर पुरुष आमदार आहेत. महाराष्ट्राला आजवर महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागा महिलांना द्यायचं ठरलं आहे. त्या जागांवर उद्या उभं राहायला माणसं कुठून येणार? आज ज्या ग्रामपंचायत चालवतायत त्यांच्यातूनच.

हे नियम पदराला बांधून ठेवा!

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. तिथे ठरलेले विषय ग्रामसभेपुढे येतात. बऱ्याच गावांत ती कागदावरच उरकते, म्हणून नव्या सरपंचबाईंनी पहिलं काम हेच करावं, महिला सभा खरोखर भरवावी.

ग्रामसभेचा कोरम किती? मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा. बचत गटांच्या बायका ठरवून आल्या, तर कोरम एकट्या त्याच भरून काढतील!

राखीव जागेवरच्या महिला सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव दोन तृतीयांशाने मंजूर होत नाही, त्यासाठी तीन चतुर्थांश मतं लागतात, अशी तरतूद कायद्यात मुद्दाम केली गेली. ‘उद्या खाली खेचू’ अशी धमकी ऐकताना घाबरण्याआधी हा आकडा आठवावा.

दारूबंदीच्या मतदानात चिन्ह असतं बाटली. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. मेख अशी की आडव्या बाटलीला मतं पडायला हवीत यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी चालत नाहीत. त्यामुळे कामाला परगावी गेलेल्या बायकांना त्या दिवशी गावात आणणं, हीच खरी लढाई असते.

१ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असणं सक्तीचं आहे. आणि मानधन? सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला महिन्याला ६,००० रुपये. पंचायत समितीच्या खेपा, एसटीचं भाडं आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येकाचा चहा यातच भागवायचा असतो, हेही ध्यानात घ्यावं.

पहिल्या मीटिंगचा दिवस

आता जरा जवळून पाहू. ग्रामपंचायतीची मासिक सभा. टेबलावर हजेरीचं रजिस्टर, शेजारी इतिवृत्ताची जाड वही, गावाकडच्या भाषेत प्रोसिडिंग. ग्रामसेवक अजेंडा वाचतो, सूचक कोण, अनुमोदक कोण ते विचारतो, ठराव लिहितो आणि वही फिरते. नव्या बाईसमोर वही येते तेव्हा पानाचा खालचा भाग कोरा असतो. ‘ताई, इथं सही करा.’ ती करते. कोऱ्या जागेत नंतर काय लिहिलं गेलं, हे तिला सहा महिन्यांनी कळतं.

पाच वर्षं कारभार केलेली बाई इथे तिच्या शेजारी असती, तर तिने हळूच सांगितलं असतं, आधी सगळा ठराव मोठ्याने वाचून घे. शेवटच्या ओळीखाली कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मार. मग रेघेला लागून सही कर, तारीख टाक. एका रेघेने किती भानगडी टळतात! हे शिकायला पदवी लागत नाही. ज्या बाईने हे सोसलंय ती हे दोन मिनिटांत सांगते.

तीच गोष्ट डीएससीची. पैसे काढायला लागणारी डिजिटल सही पेन ड्राइव्हसारख्या छोट्या वस्तूत असते. ती वस्तू आणि तिचा पिन ज्याच्या खिशात, गावाचा निधी त्याच्या हातात. ती नवऱ्याकडे नको, ऑपरेटरकडे नको, सरपंचबाईंच्याच कपाटात हवी. वित्त आयोगाचा पैसा असो की पाणीपट्टी, मागणी तिने पाहिल्याशिवाय पुढे जाता कामा नये.

आणि नमुने! ग्रामपंचायतीचं दप्तर १ ते ३३ नमुन्यांत बांधलेलं असतं. सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना ८ म्हणजे कर आकारणी, कुणाचं घर कुणाच्या नावावर ते तिथे. नमुना ९ म्हणजे कराची मागणी, कुणाकडे किती थकलंय ते. एवढे दोन जिला वाचता आले, तिला गावातला कुणीही माणूस कमी लेखत नाही.

सरपंचपतीचा प्रश्न सगळ्या देशाचा आहे. त्यावर केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२३ मध्ये खास समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. मार्च २०२५ मध्ये ‘सशक्त पंचायत-नेत्री अभियान’ सुरू झालं. नवऱ्याने मदत करू नये, असं कुणीच म्हणत नाही. त्याने मोटारसायकलवरून पंचायत समितीत सोडावं, घरी स्वयंपाक करावा, मुलं सांभाळावीत. खुर्ची मात्र तिची.

लायबेरियात गेलेल्या आपल्या पोरी

आफ्रिकेत हे काम कसं चाललंय ते ऐकण्यासारखं आहे. लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ २००५ ची निवडणूक जिंकल्या आणि आफ्रिका खंडातल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. हरवलं कुणाला? जगप्रसिद्ध फुटबॉलपटू जॉर्ज वीआ यांना! २०११ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. २०१८ मध्ये पद सोडल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. २०२० मध्ये त्यांनी ‘अमुजाए’ हा उपक्रम सुरू केला. आफ्रिकेतल्या देशोदेशींच्या मंत्री, महापौर, खासदार असलेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या महिलांना निवडायचं आणि आधी सत्ता सांभाळलेल्या ज्येष्ठ बायकांनी त्यांना जवळ बसवून अनुभव द्यायचा. माजीने आजीला शिकवायचं, इतकी साधी ही पद्धत आहे.

रवांडाने २००३ च्या राज्यघटनेत महिलांना ३० टक्के जागा दिल्या आणि २००८ मध्ये जगात पहिल्यांदाच एका संसदेत बायका बहुसंख्य झाल्या. आजही ६० टक्क्यांच्या वर आहेत. कायद्याने दिलेल्या ३० टक्क्यांवर त्या थांबल्या नाहीत, हे आपल्याकडच्या प्रत्येक पक्षाच्या तालुकाध्यक्षाने ऐकावं. राखीव जागा ही किमान आहे, कमाल नव्हे.

आता खास अभिमानाची गोष्ट. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जगातली पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी दाखल झाली, ती भारताची, केंद्रीय राखीव पोलीस दलाची. आणि ती गेली लायबेरियातच. रस्त्यावर बंदूक घेऊन गस्त घालणाऱ्या या मुलींना पाहून तिथल्या बायका पोलीस भरतीला येऊ लागल्या. तुकडी २०१६ मध्ये परतली तोवर लायबेरियाच्या सुरक्षा दलांतलं महिलांचं प्रमाण ६ वरून १७ टक्क्यांपर्यंत गेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी नोंदवलं. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे, भरतीचं स्वप्न इथल्या घराघरांत असतं. पहाटे रस्त्याकडेने धावणाऱ्या आपल्या मुलींना ही गोष्ट कुणीतरी सांगा.

किल्लारीच्या बायका, तुर्कस्तानचं गाव

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही. पुनर्वसनाच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावातल्याच बायकांना संवाद सहायक केलं. शासनाची योजना घरोघर समजावणं, बांधकामावर लक्ष ठेवणं, तक्रार योग्य जागी पोचवणं, हे त्यांचं काम. कधी उंबरा न ओलांडलेल्या बायका इंजिनिअरला सळईचं माप विचारू लागल्या. १९९९ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा या भागातल्या बायका तिथे जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. २००१ च्या भूकंपानंतर त्या गुजरातेतही गेल्या. लातूर-धाराशिवच्या शेतकरी बायका परदेशात जाऊन अनुभव देतात, तर शेजारच्या गावात जायला आपल्याला कितीसा वेळ लागणार?

बचत गट हीच शाळा

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, सुरू झालं २४ फेब्रुवारी १९७५ ला. ‘उमेद’ अभियान आलं २०११ मध्ये. गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी उतरंड आज गावोगाव उभी आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी ही गटाची पंचसूत्री. ज्या बाईने दहा जणींच्या बैठकीत ठराव लिहिलाय, कर्ज थकवणारीला तोंडावर विचारलंय आणि बँकेच्या मॅनेजरसमोर बसलीय, तिचं अर्धं प्रशिक्षण झालेलं असतं. उरलेलं अर्धं यंत्रणेने द्यायचं. राज्यात महिला राजसत्ता आंदोलन २००० पासून निवडून आलेल्या बायकांना एकत्र आणून हेच काम करत आहे.

यंत्रणेला एक विनंती. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना आनंद झाला. ती हळद रानातून काढणाऱ्या, कंद मोडणाऱ्या हातांत बायकांचे हात जास्त असतात. हळद काढणीच्या आणि शिजवणीच्या ऐन दिवसांत सरपंचांचं प्रशिक्षण ठेवलं, तेही तालुक्याच्या ठिकाणी सकाळी दहाला, तर मजुरी बुडवून बाई येणार कशी? तारीख तिला विचारून ठरवा. लहान मूल घेऊन आली तर त्याची सोय करा. आणि पहिल्या दिवशी व्याख्यान न ठेवता एका माजी सरपंचबाईंना बोलवा.

एक पाळी पुरत नाही

पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचा एक अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. ज्या गावांत लागोपाठ दोन निवडणुकांत प्रधानपद महिलेला राखीव होतं, तिथे किशोरवयीन मुला-मुलींच्या स्वप्नांमधली तफावत जवळपास एक तृतीयांशाने घटली, आणि शिक्षणातली तफावत तर मिटलीच. गावाची प्रमुख बाई आहे हे रोज पाहून मुली पुढचा विचार करू लागल्या. यातला महत्त्वाचा भाग म्हणजे ‘दोन निवडणुका’. एका पाळीत गाव नुसतं सवय करून घेतं.

आपल्याकडे आरक्षण फिरतं. पाच वर्षांनी जागा खुली झाली की कारभार शिकलेली बाई पुन्हा घरी जाते आणि तिच्याबरोबर तिचं सगळं ज्ञानही. १९९३ पासून हिशेब केला, तर हिंगोली जिल्ह्यात अशा माजी सरपंचबाई, माजी पंचायत समिती सभापती आणि माजी सदस्य गावोगाव आहेत. कुणी शेतात आहे, कुणी नातवंडं सांभाळतेय. त्यांना बीडीओ कसा बोलतो ते माहीत आहे, टेंडरात कुठे पाणी मुरतं ते माहीत आहे, ग्रामसभेत आरडाओरडा सुरू झाला की काय करायचं तेही माहीत आहे. जिल्ह्याची एवढी मोठी कमाई आपण वापरातच आणलेली नाही. जिल्हा परिषदेने तालुकानिहाय त्यांची यादी करावी आणि प्रत्येक नव्या सरपंचबाईंना एक माजी सरपंचबाई पहिल्या वर्षासाठी जोडून द्यावी. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी एवढाच काय तो खर्च.

आणि शासनाची वाट कशाला बघायची? तुम्ही स्वतः माजी सरपंच असाल, किंवा तुमची आई, सासू, मावशी असेल, तर नव्या सरपंचबाईंच्या पहिल्या मासिक सभेआधी त्यांच्या घरी जा. सोबत जुनं एखादं इतिवृत्त घ्या, दोन तास बसा, नमुना ८ आणि ९ दाखवा, सही कुठे करायची ते सांगा. पक्ष वेगळा असेल, पॅनेल वेगळं असेल, भावकीतलं वैर असेल, तरीही जा.